भिंतीची इशारा पातळी

नव्या घराच्या भिंतीला चिकटपट्टीनं कॅलेंडर लावलं होतं, खिळा ठोकायला जीव होत नव्हता म्हणून. काल जागा बदलायला पट्टी ओढली तर पट्टीबरोबर रंग, रंगाबरोबर प्रायमर, असा अख्खा पोपडा पापडासारखा हातात आला. मागं उघडा गिलावा आणि त्यावर पांढरी पूड. पैसे पूर्ण दिलेत हो. उचल नव्हे, पूर्ण.

पेंटर म्हणतो गिलावा ओला होता, गवंड्याला विचारा. गवंडी म्हणतो गिलावा एक नंबर आहे, पेंटरला विचारा. एकमत एकाच गोष्टीवर, मालकानं घाई केली. मालकानं! मुहूर्ताच्या आत उरकून देतो म्हणत घोड्यावर बसून आलेला कोण होता मग?

एवढ्यात शेजारचे अण्णा आले. अण्णा पाटबंधाऱ्यातनं रिटायर झालेत, पण पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी अजून गल्लीत सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नखानं कड धरली आणि टर्रकन आणखी वीतभर रंग ओढला.

"अण्णा, अहो!"

"थांब रे. कुठवर आलंय बघाय पायजे."

"काय?"

"पाणी. टेप आण."

टेप आणला (का आणला देव जाणे). जमिनीपासनं मोजून म्हणाले, "तीन फूट. अजून इशारा पातळी न्हाई." पुलाला इशारा 40 फुटाला आणि धोका 45 ला, म्हणून भिंतीला त्यांनी उभ्या उभ्या 4 आणि साडेचार ठरवून टाकलं. मग पातळी बघत बघत, दर पावलाला एक पोपडा काढत, सोफ्यापासनं देव्हाऱ्यापर्यंत गेले.

"वाढालंय बघ."

"अण्णा, तुम्ही ओढताय म्हणून वाढालंय!"

"हे बघ, विसर्ग मी करत नसतो. मी फक्त मोजतो."

मग 2005 चा पूर झाला, 2019 चा झाला, 2021 चा झाला, आणि पुराचा विषय निघाला की सांगलीत कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला टेकल्याशिवाय माणूस माघारी येत नाही, त्यामुळे चहा दोनदा टाकावा लागला. जाताना दारात थांबून म्हणाले, "आमच्या मेव्हण्याची भिंत पुरात बुडली, तिचा रंग टिकला. तुझा न बुडता गेला. कमाल हाय."

गणपती पेठेतल्या रंगाच्या दुकानदारानं मात्र एका वाक्यात निकाल लावला. "तेलाचा प्रायमर मारला का? मग साबण झाला." मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही, सिमेंटच्या कच्च्या गिलाव्यात चुना असतो, ओल असताना तो आणि प्रायमरमधलं तेल मिळून खरोखरच साबण बनतो आणि वरचा रंग सुटतो. पाणी मारायचं थांबवल्यावर गिलावा महिनाभर तरी वाळू द्यायचा असतो. आता सुटेल तेवढं सगळं स्क्रॅपरनं काढायचं, खार, म्हणजे ती पांढरी पूड, कोरड्या ब्रशनंच झाडायचा कारण पाणी लावलं की तो परत फुटतो, उघड्या भिंतीवर रात्रभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचा आणि सकाळी आत थेंब दिसले की गुमान अजून थांबायचं. नसले तरच पाण्यातला, अल्कली सोसणारा प्रायमर, मग पुट्टी, मग रंग.

हे सगळं याला तोंडपाठ! मग डबे विकताना तोंडाला कुलूप का होतं? तर म्हणे, "तुम्ही विचारलं न्हाई." बरोबर आहे, नव्या भिंतीवर साबण होईल का असं विचारत सगळेच दुकानात येत असतील.

चिडचिड याची नाही की रंग गेला. रंग लावायची मजुरी स्क्वेअर फुटावर दिली, आता काढायचीही स्क्वेअर फुटावरच द्यायची, आणि तीही त्याच पेंटरला, कारण दिवाळीपर्यंत दुसरा कोणी मोकळा नाही. त्यानं सकाळी नवा दर सांगितला. म्हटलं, यात तो साबण काढायचं धरलंय ना?

"ते पाण्याचं काम, सायेब. गवंड्याला विचारा."