जवानाच्या खिशातली कविता आणि फेकून दिलेलं पाकीट

२६ जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘शहीद जवानाच्या खिशात सापडलेली कविता’ फिरू लागते. पलटणीचं नाव नाही, तारीख नाही, गाव नाही. यमकं मात्र चोख, आणि खाली ‘डोळ्यांत पाणी आलं तर पुढे पाठवा’. राग येईल काहींना, पण बोलतोच: या फॉरवर्डांनी युद्धातल्या खऱ्या कवितेची वाट अडवली आहे. एकदा गळा दाटला की कागद कुठे आहे हे कुणीच विचारत नाही.

खिशात खरोखर कविता सापडली आहे. मिक्लोश राद्नोती हा हंगेरीचा ज्यू कवी दुसऱ्या महायुद्धात सर्बियातल्या बोरच्या तांब्याच्या खाणीवर सक्तमजुरीला होता. जर्मन माघारीत मजुरांना पायी हाकलत नेताना, नोव्हेंबर १९४४ मध्ये, हंगेरीतल्या आब्दा गावाजवळ त्याला गोळी घालून सामूहिक खड्ड्यात पुरलं. जून १९४६ मध्ये खड्डा उकरला तेव्हा त्याच्या कोटात एक छोटी वही मिळाली. पहिल्या पानावर पाच भाषांत मजकूर: यात एका हंगेरियन कवीच्या कविता आहेत, अमक्या पत्त्यावर पोचवा. शेवटच्या कवितेखाली ३१ ऑक्टोबर १९४४ ही तारीख. शिवाय काही कवितांच्या नकला त्याने बोरमध्येच एका सोबत्याकडे दिल्या होत्या आणि त्या वेगळ्या वाटेने बाहेर पडल्या होत्या, म्हणून दोन पाठ ताडून पाहता आले. पुरावा म्हणतात तो असा. कविता किती हृदयद्रावक आहे यावर तो ठरत नाही.

उलटं उदाहरणही बघा. १९८९ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये मारल्या गेलेल्या एका ब्रिटिश सैनिकाने आईवडिलांसाठी ठेवलेल्या पाकिटात ‘माझ्या कबरीपाशी रडू नका’ अशा आशयाची कविता निघाली. १९९५ मध्ये बीबीसीवर ती वाचली गेली आणि अनेकांना ती त्याचीच वाटली. पण क्लेअर हार्नर या अमेरिकन बाईंच्या नावावर ती १९३४ मध्येच एका मासिकात छापून आली होती. कोहिमाच्या स्मारकावरच्या ‘तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला’ या ओळी तर आपल्याकडे ‘अज्ञात जवानाच्या’ म्हणून पाठ आहेत. त्यांचं मूळ जॉन मॅक्सवेल एडमंड्सकडे जातं. तो केंब्रिजचा ग्रीक-लॅटिनचा पंडित, आणि ओळी पहिल्या महायुद्धातल्या. कोहिमाची लढाई १९४४ ची.

याने सैनिक छोटा होत नाही. मरणाच्या तोंडावर माणूस कुणाची ओळ उतरवून जवळ ठेवतो, हीदेखील नोंदच आहे. पहिल्या महायुद्धात मारला गेलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन, त्याच्या वहीत रवींद्रनाथांच्या ओळी होत्या. त्याच्या आईने १९२० मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून कळवलं. फक्त ‘लिहिली’ आणि ‘उतरवली’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. आणि युद्धकविता म्हणजे सैनिकाचीच, हेही सोडा. कॅथरिन राइली यांच्या सूचीत पहिल्या महायुद्धावर लिहिणारे २,२२५ ब्रिटिश कवी आहेत. त्यांत गणवेशातले ४१७ आणि बायका निदान ५३२.

घरच्यांच्या कवितेचा सगळ्यात आखूड नमुना थडग्यांवर असतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश कुटुंबांना दगडावर मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरं मिळत, अक्षरामागे साडेतीन पेन्स. खडकीची युद्ध दफनभूमी दुसऱ्या महायुद्धाची, पण तिथल्या ओळी वाचतानाही हा आखूडपणा ध्यानात असू द्या. बऱ्याच ओळी बायबलातल्या किंवा चर्चच्या गाण्यांतल्या असतात, हेही.

आता मराठी. ‘आपल्या शिपायांनी कविता लिहिलीच नाही’ हे वाक्य साहित्यिक कार्यक्रमांत बिनदिक्कत टाकलं जातं. पुस्तकांच्या कपाटात शोधल्यावर दुसरं काय होणार? १९१४ नंतर फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची टपाल बुलोन इथल्या सेन्सॉरखाली जाई. निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून टंकला जाई, आणि आज जपलेलं बहुतेक तेच आहे. कुणी पद्यात लिहिलं असेल तर ते इंग्रजी गद्य होऊन उरलं. त्यात शिपाई सेन्सॉरला चकवायला सांकेतिक बोलत: काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी, लाल मिरची म्हणजे गोरे. तिथे ‘काय सुंदर प्रतिमा’ म्हणून मान डोलावू नये. मराठा पलटणींतले कितीतरी जण तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. तिथल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३ वी आणि ११० वी मराठा अडकली, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली.

आपल्या परंपरेकडे मात्र एक चांगली सोय आहे. पोवाड्याच्या शेवटी शाहीर बहुधा स्वतःचं नाव घालतो. सिंहगडाच्या पोवाड्यात तुळशीदास आहे, अफजलखानाच्या पोवाड्यात अज्ञानदास. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये संग्रह छापला तेव्हा या नावांचा मोठा आधार होता. बायकांच्या ओव्यांना अशी खूण नसते. म्हणून गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी पुण्यातून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव टिपलं. पलटणीत गेलेल्या भावाची ओवी आजीला येत असेल तर तेवढं तरी करा. आवाज मोबाइलवर घ्या, ओवी दोनदा म्हणवून घ्या, दुसऱ्या वेळी शब्द बदलले तर दोन्ही ठेवा.

घरात ट्रंक असेल तर आधी पाकीट शोधा. आपल्याकडे पत्र जपतात आणि तिकिटासाठी पाकीट फाडतात, सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. महायुद्धांतल्या फील्ड पोस्टाच्या शिक्क्यावर नंबर आणि तारीख असते, ठिकाण नसतं. नंबरावरून ठिकाण यादीत शोधावं लागतं. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रांवर ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ दिसेल; एपीओ म्हणजे सैन्याचं टपालघर. जुन्या पत्रांचं हस्ताक्षर पुष्कळदा मोडी असतं. आणि अक्षर शिपायाचं असेलच असं नाही, कारण लिहून देणारे वेगळे असत.

पेन्सिलीचं लिखाण जांभळट दिसलं तर ती कॉपिंग पेन्सिल. तिच्यातला रंग पाण्यात विरघळतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं नाही आणि पुण्याच्या पावसाळ्यात कागद उघडा ठेवायचा नाही. लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप पिवळी पडून अक्षरं खाते. गंजलेली टाचणी ओढू नका. मागून हळूच सोडवा. फोटो दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, आणि फिकट पेन्सिलीसाठी उजेड एका बाजूने तिरपा. मोडी वाचणारे पुण्यात मिळतात, त्यांच्याकडून अक्षरशः लिप्यंतर करून घ्या. आणि नातवाने त्यात ऱ्हस्वदीर्घ सुधारायला बसू नये.