फेब्रुवारीतले तीनशे रुपये

इतवारीतल्या एका दुकानाचे हिशेब मी बारा-तेरा वर्षांपासून पाहतो. तिथे माल उतरवण्यापासून बिलं फाडण्यापर्यंत सगळं करणारा एक पोरगा आहे. दर फेब्रुवारीत त्याचा एकच प्रश्न ठरलेला असतो: "वकीलसाहेब, दर महिन्याले दोनशे कापता, ह्या महिन्यात तीनशे काहून कापले जी?" (मी वकील नाही. पण आपल्या नागपुरात रिटर्न भरणारा प्रत्येक जण वकीलसाहेबच.)

उत्तर सोपं आहे. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये. हा व्यवसाय कर. राज्यात १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला तो आला. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे वर्षाला २,५०० च्या वर तो घेता येत नाही, आणि ही मर्यादा १९८८ ची आहे. तेव्हा मी शाळेत होतो. त्या पोराचा पगार १४ हजार, म्हणजे वर्षातला जवळपास पाच दिवसांचा पगार ह्या करात जातो. त्याचे शेठही वर्षाला २,५०० च भरतात. शेठच्या पोराच्या मोटारसायकलच्या टायरला ह्याहून जास्त पैसे लागतात.

डिसेंबर २०२५ मध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं, म्हणजे सीताबर्डीत कोणता रस्ता कधी बंद होईल ते सांगता येत नव्हतं. त्याच्या तोंडावर ५ डिसेंबरला शिक्षकांनी राज्यभर शाळा बंद ठेवल्या. मागण्या दोन मोठ्या होत्या: संचमान्यतेचा (पोरांच्या संख्येवर शाळेत किती शिक्षक ते ठरवण्याचा) १५ मार्च २०२४ चा निर्णय मागे घ्या, आणि जुन्या शिक्षकांवरची टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, सक्ती काढा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सुरू झालं, "यांना फुकटचा पगार पाहिजे, आमच्या टॅक्सवर जगून राहिले." ज्यानं हे लिहिलं त्याचं रिटर्न मीच भरतो. त्याचा टॅक्स किती येते ते मला माहीत आहे, म्हणून गप्प बसलो.

पण एक गोष्ट बोलायचीच आहे. शिक्षणासाठी आपण पैसे देत नाही असं कोणाला वाटत असेल तर घरचं मालमत्ता कराचं बिल काढून बघा. त्यात राज्याच्या शिक्षण कराची ओळ असते. १९६२ च्या कायद्यानं आलेला उपकर आहे तो. वसूल करते महापालिका, जातो राज्याकडे. इन्कम टॅक्स भरत असाल तर त्यावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर असतो. उपकरातला वाटा केंद्राला राज्यांना द्यावा लागत नाही. वाटणी होते ती बाकीच्या करांची, ४१ टक्के, आणि त्यात २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला आले सगळ्या राज्यांच्या हिश्श्यातले ६.३१७ टक्के. म्हणजे शिक्षणाच्या नावानं आपण दोन खिडक्यांवर पैसे भरतो आणि शाळेतला मास्तर तिसऱ्याच खिडकीसमोर पगारासाठी उभा असतो.

आता तूट. १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण आकार ७ लाख कोटींचा, महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या वर, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींकडे. एवढ्यावर भागलं नाही, जूनच्या शेवटी ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पावरच्या जादा खर्चाच्या) आल्या आणि डिसेंबरच्या अधिवेशनात पुन्हा ७५ हजार कोटींच्या. एखाद्या दुकानदारानं माझ्याकडे असे कागद आणले असते तर मी त्याला पहिलं चहा पाजला असता.

ह्या दोन तुटींतच खरी गोम आहे. रोजचा खर्च रोजच्या कमाईत भागला नाही की ती महसुली तूट. पगार, पेन्शन, व्याज, अनुदान, खडू, वीजबिल, सगळं ह्यात. पूल बांधला, रस्ता केला, तर तो भांडवली खर्च. त्यासाठी काढलेलं कर्ज राजकोषीय तुटीत धरतात, पण महसुली तुटीत त्याचा ठिपका दिसत नाही. म्हणून वह्या नीट दिसायच्या असतील तर कात्री कुठे लावायची हे आपोआप ठरतं. नवा शिक्षक नेमला की महसुली तूट वाढते. शाळेसमोर उड्डाणपूल उभारला तर वाढत नाही. तिसरीतल्या पोरीला भागाकार शिकवणं हा हिशेबाच्या भाषेत "खर्च" आणि सिमेंटचा खांब ही "मालमत्ता". पंचवीस वर्षं मीच लोकांचे खर्च ह्याच दोन रकान्यांत टाकत आलो, त्यामुळे हे कबूल करायला जरा लाज वाटते.

आकड्यात सांगतो. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं २०२३ च्या शेवटी सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे थांबवले आणि अंडं द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. त्या अंड्यांची तरतूद होती ५० कोटींची. ७ लाख कोटींत ५० कोटी म्हणजे १४ हजारांच्या घरखर्चात एक रुपया. त्याच वर्षी जूनमध्ये वर्ध्याहून गोव्याकडे जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाच्या जमिनीसाठी २० हजार कोटींच्या वर रकमेला मंजुरी मिळाली. समृद्धी महामार्ग त्याच महिन्यात पूर्ण उघडला होता. मी त्यावरून गेलो आहे, मस्त रस्ता आहे, खोटं कशाला बोलू. पण रस्त्यासाठी लोकसहभाग गोळा करा असं कोणी कोणाला म्हटल्याचं ऐकलं आहे का?

लाडकी बहीणचं नाव काढलं की लोकांना सगळी तूट तिथेच दिसते. २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद होती, रक्कम लहान नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर ती कशी आली हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं, पंधराशेचं काय करता? त्या म्हणाल्या, "पोरीच्या ट्यूशनले देतो ना साहेब. शाळेत गणिताले सरच नाही." ह्यावर मला काही बोलता आलं नाही. सरकार शाळेत सर देत नाही, त्याऐवजी मावशींच्या खात्यात पैसे टाकते, आणि त्या पैशानं मावशी बाजारातून सर विकत आणतात.

माझी भाची नेट पास आहे. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि झालेल्या तासांचे पैसे कधी येतील ते बिल कोणत्या टेबलावर आहे त्यावर ठरतं. तिच्यासमोर बसणाऱ्या मुलांना ती सार्वजनिक वित्त शिकवते! घरी ह्यावर आता कोणी हसत नाही.

दुसरी बाजूही मान्य करतो, नाहीतर कमेंटमध्ये पहिला तोच दगड येईल. पैसा दिला की तो शाळेपर्यंत पोचतोच असं नाही. शालार्थ आयडीचा (शिक्षकांचा पगार ज्या सरकारी नंबरवर निघतो त्याचा) घोटाळा आपल्याच नागपूर विभागात २०२५ मध्ये बाहेर आला. बोगस नेमणुकांच्या नावावर सरकारी तिजोरीतून पगार निघत होते. ज्या पोरांनी डी.एड. करून दहा-दहा वर्षं भरतीची वाट पाहिली, त्यांना हे वाचून काय वाटलं असेल? पण ह्याचा अर्थ चोर पकडा, एवढाच होतो. खऱ्या शिक्षकाची जागा रद्द करा, असा होत नाही.

मग पैसा आणायचा कुठून? जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात फार थोडं उरलं आहे: पेट्रोल-डिझेल, मुद्रांक, वाहनं आणि दारू. जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून १४ हजार कोटी जास्तीचे येतील असा अंदाज दिला. म्हणजे शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आणि इकडे पिणाऱ्याच्या भरवशावर तिजोरी. मला विचाराल तर सुरुवात त्या २,५०० च्या मर्यादेपासून करा. घटनादुरुस्ती लागेल हे कळतं. १९८८ मध्येही लागलीच होती, २५० चे २,५०० करायला. महिन्याला १४ हजारवाल्याकडून शंभर घ्या, चार लाखवाल्याकडून चार हजार घ्या, आणि ते पैसे शिक्षकांच्या पगाराच्या खात्यातच पडतील असं कायद्यात लिहा. माझे वाढले तरी चालतील. माझ्या अर्ध्या क्लायंट्सना चालणार नाहीत, ही पोस्ट वाचून एकदोघं फायली परत मागायला येतीलही.

मी स्वतः मनपाच्या मराठी शाळेत शिकलो. फी नव्हती, बाक मोडके होते, गणिताला मात्र सर होते. आता त्या वर्गांत जुन्या टेबल-खुर्च्यांचा ढीग आहे, खिडकीतून दिसतो.

भांडायचं असेल तर आकड्यांवर भांडा, पक्षाचं नाव काढलं तर उत्तर देणार नाही. उत्तरं पण वीस तारखेनंतरच, आधी जीएसटीची रिटर्नं भरायची आहेत.