“काल तर चांगली दिसत होतीस!”

हे वाक्य ऑफिसांतून हद्दपार व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. लाँग कोविड झालेल्या माणसाच्या नोकरीवर गदा येते, तेव्हा सुरुवात बऱ्याचदा याच वाक्याने होते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची व्याख्या केली. कोविड होऊन साधारण ३ महिने झाले तरी लक्षणं आहेत, ती किमान २ महिने टिकली आहेत आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्यांचा उलगडा होत नाही, असं असेल तर तो लाँग कोविड. थकवा, धाप, गोष्टी न आठवणं ही नेहमीची लक्षणं. पण नोकरीच्या दृष्टीने सगळ्यात घातक गोष्ट वेगळीच आहे. अनेकांना श्रमाचा त्रास लगेच होत नाही, १२ ते ४८ तासांनी होतो. सोमवारी रेटून काम केलं तर अंथरूण धरायची वेळ येते बुधवारी. साहेबांनी पाहिलेला असतो सोमवार. मग बुधवारची रजा त्यांना कामचुकारपणा वाटते!

आमच्या हिशेब विभागातली एक सहकारी व्हाउचर तपासताना कागदावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायची. मध्येच फोन आला की कुठवर आलो हे तिला आठवायचं नाही, म्हणून पट्टीशेजारी पेन्सिलीची खूण. पूर्वी हीच बाई तोंडी बेरजा करायची. तिला लेखी सूचना मिळू लागल्या, दुपारच्या मीटिंगा थांबल्या, काही दिवस घरून काम करू दिलं, तेव्हा तिचं काम पुन्हा बिनचूक होऊ लागलं. या सगळ्याला खर्च काय आला? जवळपास काहीच नाही. घोळ झाला तो पुढे. दर आठवड्याला तास वाढवायचे असं वेळापत्रक वरून आलं. तिची तब्येत काही त्या वेळापत्रकाने चालणार नव्हती. ती पुन्हा आडवी झाली, आणि मग ‘पूर्णवेळ या, नाहीतर राजीनामा द्या.’

अधलंमधलं काही असू शकतं हे आपल्या व्यवस्थेला सुचतच नाही. डॉक्टरचा दाखलाही ‘फिट’ किंवा ‘अनफिट’. किती तास जमेल, काय टाळायचं, पुन्हा कधी बघायचं, हे त्यावर का लिहीत नाहीत? त्यातून रक्ततपासणी, एक्स-रे अनेकदा नॉर्मल येतात, कारण या आजाराची अशी एकच खात्रीची चाचणी नाही. म्हणून पुराव्याच्या मागे लागण्यापेक्षा माणसाला विचारा.

२०२१ मध्ये ५६ देशांतल्या ३,७६२ रुग्णांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातल्या सुमारे ४५ टक्के लोकांना कामाचे तास कमी करावे लागले होते, आणखी २२ टक्के आजारपणामुळे कामच करत नव्हते. हे बहुतेक दीर्घकाळ त्रास झालेले लोक होते, सरसकट सगळ्या कोविड रुग्णांचा हा आकडा नाही. तरीही ही सगळी कामाची, अनुभवी माणसं आहेत. अमेरिकेने जुलै २०२१ मध्येच स्पष्ट केलं की लाँग कोविड त्यांच्या अपंगत्वविषयक कायद्याखाली येऊ शकतो. म्हणजे कामात सवलत मागणं हा तिथे हक्क ठरू शकतो.

घरून काम सगळ्यांना शक्य नाही, हे मान्य. नर्स, ड्रायव्हर, मशीनवरचा कामगार काय करणार? काही रुग्णांची नाडी नुसतं उभं राहिलं तरी धावू लागते. त्यांना बसायला स्टूल द्या, रात्रपाळी काढा, वजन उचलायचं काम दुसरीकडे द्या, आणि सुट्टी कधी घ्यायची हे थोडं त्यांना ठरवू द्या, कोसळायच्या आधी.

आणि हो, त्यांचं उरलेलं काम कोण करतंय, याचाही हिशेब ठेवा. ते गुपचूप शेजारच्या टेबलावर सरकवलं की आठ-पंधरा दिवसांत कुजबुज सुरू होते आणि राग निघतो आजारी माणसावर. बदली माणूस घ्या, नाहीतर टार्गेट कमी करा. ही जबाबदारी मॅनेजमेंटची आहे, तिची नाही.