कार्ड दाखवून पाणी मागणारं मूल आळशी नसतं

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ऑटिझम असलेल्या मुलाला चित्रकार्डं किंवा बोलणारी अ‍ॅप दिली की ते आळशी होतं, बोलायचंच सोडतं. तोंडाने मागितल्याशिवाय काही देऊ नका. घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी. ऐकलेलं वाक्य परत परत म्हणत असेल तर गप्प करा. अंघोळ, कपडे वगैरे बोलणं आल्यावर शिकवा. आणि पाच वर्षांपर्यंत वाट पाहा, आपोआप बोलेल. मी सिडकोपासून पंचवटीपर्यंत घरोघरी जाऊन अशा मुलांना शिकवते. हा मेसेज वाचून कार्डांचा डबा माळ्यावर टाकलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हा प्रपंच.

आधी आळशीपणाचं. चित्र देऊन वस्तू मागायची पद्धत 1985 पासून, अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी सुरू केल्यापासून, वापरात आहे. त्यामुळे बोलणं अडतं का, हे लोकांनी तपासलंही आहे. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या भरवशाच्या 27 जणांच्या नोंदींपैकी 89 टक्के जणांचं बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही. वाढ बहुतेकांची बेताचीच होती, हेही सांगायला हवं. कार्ड म्हणजे काही जादू नव्हे. त्यात सगळे ऑटिझमचे नव्हते, पण 2008 साली फक्त ऑटिझमपुरता आढावा निघाला, त्यातही बोलणं घटल्याचं दिसलं नाही. आणि हे पटण्यासारखंच आहे. मूल कार्ड हातात देतं, आपण ‘पाणी’ म्हणतो आणि पेला पुढे करतो. शब्द नेमका तहानेच्या वेळी कानावर पडतो. ज्या मुलाला शब्द सहज जमेल ते कार्ड शोधत कशाला बसेल?

खरी गडबड वेगळीच असते. बहुतेक घरांत कार्डं फक्त खाऊची: बिस्किट, केळं, चिप्स. ‘नको’, ‘झालं’, ‘थांब’, ‘मदत’ ही कार्डं नसतातच. मग मिक्सर सुरू झाला की मूल स्वतःचा हात चावतं आणि आपण म्हणतो, चिडकं आहे. ‘नको’चं कार्ड स्वयंपाकघराच्या दाराला, त्याचा हात पोचेल अशा उंचीवर लावा. आणि त्याने ते दाखवलं की निदान सुरुवातीला मिक्सर खरंच बंद करा, चटणी अर्धवट राहिली तरी. त्या कार्डाने काही घडतं हे त्याला कळल्याशिवाय ते चालणार नाही. फोटोही आपल्याच माठाचा, आपल्याच पेल्याचा काढा. इंटरनेटवरचा काचेचा ग्लास त्याने कधी पाहिलेलाच नसतो. फोन वापरायचा असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे बोलणारं अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. मूल गप्प बसावं म्हणून तासन् तास कार्टून लावून देऊ नका, ही मेसेजमधली एकमेव ओळ मला मान्य आहे. पण बोलण्यासाठी दिलेला फोन त्यात मोडत नाही.

‘मागेपर्यंत देऊ नका’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. मूल आईचा हात धरून फ्रीजपाशी नेतं, तेव्हा ते मागतच असतं. पाच-दहा सेकंद आशेने थांबणं वेगळं आणि एप्रिलच्या उन्हात पाणी अडवून धरणं वेगळं. यातल्या बऱ्याच मुलांना तहान-भूक वेळेवर जाणवतही नाही. अडवून ते शब्द शिकत नाही, किंचाळलं की मिळतं एवढं मात्र पक्कं शिकतं.

भाषेबद्दल थोडक्यात: दोन भाषा ऐकल्याने ऑटिझमच्या मुलाचं बोलणं आणखी लांबतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आजीला येत नाही त्या भाषेत घर चालवलंत, तर आजीच मुक्या होतील.

परत परत म्हटलेली वाक्यं निरर्थक नसतात. तहान लागल्यावर ‘पाणी पिणार का?’ म्हणणारा मुलगा आपण त्याला विचारतो तेच वाक्य वापरून मागत असतो. त्याला रागावू नका, ‘तू नाही, मी म्हण’ असं व्याकरणही शिकवू नका. त्याच्या बाजूने ‘मला पाणी हवं’ म्हणा आणि पाणी द्या.

आता अंघोळ-कपडे. यासाठी बोलण्याची वाट पाहण्यात वर्षं वाया जातात. पँट शिकवायची तर शेवटून सुरुवात करा. सैल इलॅस्टिकची पँट आपणच मांडीपर्यंत चढवायची, कमरेपर्यंतचा शेवटचा ओढा फक्त त्याचा. काम त्याच्या हातून पुरं होतं आणि तिथेच शाबासकी. ते जमलं की गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. आपण मागे बसून हाताला हात लावायचा, बडबड कमी. अंघोळीत बऱ्याच मुलांची खरी अडचण अशी की हे कधी संपणार ते कळत नाही. बादलीच्या काठाला कपड्यांचे पाच चिमटे लावा, दर तांब्याला एक काढा. चिमटे संपले, अंघोळ संपली. सहावा तांब्या ओतायचा मोह मात्र आवरा, आज्यांना हे जड जातं.

‘पाच वर्षं थांबा’ तर मुळीच ऐकू नका. ऑटिझमची प्राथमिक तपासणी दीड-दोन वर्षांच्या वयातच करतात. शब्द येत नसतील किंवा आलेले जात असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि नीट ऐकू येतं का हे पाहणारी कानांची बेरा चाचणी करायची का ते विचारा. पैशांची अडचण असेल तर त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. 2013 पासूनची ही योजना 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. निदान झालं की दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही करून टाका, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. शिवाय निरामय विमा योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो आणि थेरपीही त्यात धरतात.