हॉलिवूडच्या अक्षरांना हात लावता येत नाही

अमेरिकेच्या सहलीची तयारी करणाऱ्या पुणेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘लॉस एंजेलिसला हॉलिवूडच्या पाटीपर्यंत गाडी जाते, अक्षरांना टेकून फोटो काढा.’ हे साफ चूक आहे. अक्षरांभोवती कुंपण आणि कॅमेरे आहेत. आत शिरलात तर दंड होऊ शकतो. गाडी फार तर पाटीखालच्या बीचवुड वस्तीच्या गल्ल्यांपर्यंत जाते. तिथे पार्किंगचे नियम कडक आहेत.

पाटी ज्या डोंगरावर आहे त्या माउंट लीवर चालत जाता येतं, पण माथ्यावर तुम्ही पाटीच्या मागे असता. जाळीपलीकडे सुमारे ४५ फुटी पत्र्याच्या अक्षरांची पाठ आणि खाली शहर, एवढंच दिसतं. माथ्यावर नेणारी ब्रश कॅनियनची वाट जाऊन-येऊन साधारण १० किलोमीटर आहे. सिंहगड चढणाऱ्याला जड नाही, पण सावली जवळजवळ नाहीच. माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि सकाळीच निघा.

पाटी समोरून हवी असेल तर ग्रिफिथ वेधशाळेत जा. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. व्हर्माँट-सनसेट मेट्रो स्टेशनवरून ‘डॅश’ ही शहर बस मिळते.

आणखी एक: ही पाटी सिनेमासाठी उभारलेली नव्हती. १९२३ साली ती ‘हॉलिवूडलँड’ या घरांच्या वसाहतीची जाहिरात होती. ‘लँड’ १९४९ मध्ये काढलं. आजची अक्षरं १९७८ची आहेत.