दात तुटलेल्या यंत्राच्या मालकाने कसे वागावे

लाकूड कापायच्या टेबल सॉचं ब्लेड वर-खाली करणारा गिअर तुटला, तर पहिली गोष्ट म्हणजे मशीन उघडून बघू नका. उघडून बघणारं गिऱ्हाईक कंपनीला आवडत नाही. वॉरंटीच्या कागदावर तसं छापलेलंही असतं, पण त्या अक्षराला भिंग लागतं आणि भिंग काही मशीनच्या खोक्यातून येत नाही.

उघडलंत तर नको ते दिसेल. खानापूरकडच्या सागाचा, किंदळाचा भुसा खालच्या पेटीत साठलेला असतो. कुणीतरी प्रेमाने ब्लेड उचलणाऱ्या स्क्रूला ग्रीस चोपडलेलं असतं. दोन्ही मिळून त्याचा घट्ट लगदा होतो, हँडल जड जातं आणि दुकानातला पोरगा "फिरत नाही काय, थांब" म्हणत दोन्ही हातांनी जोर लावतो. हँडलचं फिरणं उभ्या स्क्रूकडे वळवणारी दोन तिरक्या दातांची चाकं असतात, ती जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची. दात कटकन जातो. ग्रीसऐवजी मेण चोळलं असतं तर भुसा चिकटला नसता, पण हे ज्ञान ठेवा तुमच्यापाशीच. ज्याला कारण कळलं, त्याची चूक ठरते.

आता फोन करा. बटणं दाबत दाबत माणसापर्यंत पोचलात की तो विचारेल, "सर, ब्लेड फिरतंय का?" तुम्ही प्रामाणिक माणूस, म्हणणार, फिरतंय, पण इंचभरावर अडकलंय, वर येत नाही, खाली जात नाही. तो म्हणेल, "म्हणजे मशीन चालू आहे." चालू मशीनची तक्रार लिहिता येत नाही. मग तो प्लग काढून पुन्हा लावायला सांगेल. हँडल हाताने फिरतं, त्याला करंट लागत नाही, असा वाद घालू नका. प्लग काढा, लावा, आणि "तसंच आहे की ओ" म्हणून सांगा. त्याच्या पडद्यावर एका चौकोनात बरोबरची खूण पडते आणि गाडी पुढे सरकते.

ब्लेड पूर्ण वर अडकलं असेल तर मात्र फोनच्या आधी मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. लाकडाच्या वर बोटभर जास्त ब्लेड नाचत असताना "तेवढी एक फळी" म्हणणाऱ्यांची बोटं मोजायला कंपनी येत नाही. हे चेष्टेत सांगत नाही.

पुढचा प्रश्न येईल, मशीन घरगुती वापराचं की धंद्याचं? इथे जपून. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी धंद्याच्या वापराला लागू नसते. म्हणजे हजारो रुपयांचं, कंबरेएवढं यंत्र माणसाने हौसेला, रविवारी एखादा पाट करायला घ्यावं, अशी त्यांची समजूत असते. तुम्ही "घरगुती" म्हणता आणि नेमका त्याच वेळी मागे रंधा मशीन किंचाळतं. "कसला आवाज आहे सर?" घरात लग्न आहे म्हणून सांगा.

मग पिनकोड. बेळगावच्या माणसाची खरी परीक्षा इथून सुरू होते. ५९ ने सुरू होणारा आकडा ऐकला की तुमची तक्रार बेंगळुरूच्या सर्व्हिस सेंटरकडे जाते, इथून पाचशे किलोमीटरवर. कोल्हापूरचं सेंटर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, सकाळी निघालात तर जेवायला घरी. पण तिथला साहेब म्हणणार, "काका, तुम्ही कर्नाटकात." आणि बेंगळुरूचा म्हणणार, "सर, तुम्ही तिकडच्या बॉर्डरवर, आमचा माणूस तिथे जात नाही." दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. राज्य पुनर्रचना १९५६ ची, सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासूनचा. हे सगळं अजून प्रक्रियेत असताना तुम्ही एका गिअरसाठी "अजून किती दिवस" विचारता, थोडी लाज बाळगा.

काही हुशार लोक शिनोळीच्या पाहुण्यांचा पत्ता देतात. शिनोळी चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्र, पिनकोड ४१६ चा, आणि बेळगावातून चहा थंड व्हायच्या आत पोचता येतं. हे करू नका. बिलावर बेळगावची टिळकवाडी आणि तक्रारीत शिनोळी असं झालं की बिल कुणाचं, मशीन कुणाचं, पाहुणे कुणाचे, याची चौकशी लागते. तोवर सीमाप्रश्नावरून कुठेतरी दगडफेक होते, सीमेवरच्या कोगनोळीला एसट्या अडकतात, आणि कुरिअरवाल्याला एक नवं, अगदी वाजवी कारण मिळतं.

फोटो मागतील. द्या. व्हिडिओ मागतील, तोही द्या. त्यात हँडल फिरवत "बघा, फिरतंय पण ब्लेड हालत नाही" असं हिंदीत बोला. मग नंबर घालून सुटे भाग दाखवणारं चित्र येईल. त्यात तुमचा गिअर स्पष्ट दिसेल, त्याच्यासमोर आकडाही असेल. आनंदाने तो आकडा कळवाल, तेव्हा समजेल की तो भाग सुटा मिळत नाही. हँडल, दांडा, स्क्रू आणि खालचा ओतीव सांगाडा असा अख्खा संच घ्यावा लागतो. संच सध्या उपलब्ध नाही. उपलब्ध झाला की कळवतील.

कर्नाटकात नव्वदच्या दशकात घरांच्या दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहिलेलं असायचं, रात्री दार ठोठावणारं भूत ते वाचून उद्या यायला परत फिरायचं म्हणे. कंपनीने तेच दारावर लिहून ठेवलंय, फक्त भूत तुम्ही आहात. आणि एक दिवस मेसेज येतो, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' त्याला उत्तर देता येत नाही, नंबर फक्त बोलण्याचा असतो, ऐकण्याचा नाही.

या काळात बेळगावच्या उद्यमबागेकडे चुकूनही फिरकू नका. तिथे फौंड्र्या आहेत, लेथ आहेत, हायड्रॉलिकचे भाग करणारे कारखाने आहेत. अशा जागी तुटका गिअर खिशात घालून गेलात तर संयम सुटण्याचा धोका असतो. कुठल्यातरी शेडमधला कानडी टर्नर गिअर हातात घेईल, व्हर्नियर लावेल, दात मोजेल आणि मराठीत विचारेल, "जोडीदार कुठाय ह्याचा?" नुसता एकच करून द्या म्हणालात तर वैतागेल. "एकटा नवा घातला तर जुना त्याला खातोय की. दोन्ही आणा, जोडी करूया. गनमेटलमध्ये करतो, परत बघायला नको." त्याला ऑर्डर नंबर लागत नाही, पिनकोड लागत नाही, आणि मागचा आवाज कसला हे तो विचारत नाही, कारण तो आवाज त्याचाच असतो. असल्या बेशिस्त लोकांपासून दूर राहा. एकदा त्याच्याकडून काम करून घेतलंत की वॉरंटी गेली, आणि वॉरंटी गेली तर तुम्ही फोन कुणाला करणार?

बेअरिंगचंही तसंच. आवाज येऊ लागला तर कडेवर कोरलेला नंबर वाचू नका. ६२०३ असं काहीतरी असेल, म्हणजे आत सतरा मिलिमीटर, बाहेर चाळीस, जाडी बारा. जगात कुठेही तेच माप, गावातल्या बेअरिंगच्या दुकानात ते फळीवर पडलेलं असतं. कंपनीच्या डबीतलं घ्या. डबी छान असते.

ग्राहक आयोगाचा विचार तर मनातही आणू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बेंगळुरू-कोल्हापूरचा वादच उरत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा सुतारही त्यात ग्राहकच धरला जातो. आधी विचारायचं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरावर फोन लावता येतो. हे सगळं विसरून जा, कारण हे कळलेल्या माणसाशी कंपनीचा साहेब अचानक 'सर' सोडून 'साहेब' म्हणत बोलायला लागतो, आणि आपल्याला सवय नसते.

एवढं सगळं पाळलंत तर एक दिवस खोकं येईल. आतला संच दुसऱ्या मॉडेलचा असेल, भोकं जुळणार नाहीत. गडबड करू नका, खोकं माळ्यावर ठेवा. त्याच संध्याकाळी गोड आवाजात फोन येईल, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? पाच द्या. चार दिलेत तर एक गुण का कापला ते समजून घ्यायला नवी तक्रार नोंदवतात, आणि तिची सुरुवात पिनकोडपासून होते.