भडक पिल्लू म्हणजे भडक मासा? सिक्लिडमध्ये हा हिशोब चुकतो

मासे पाळणाऱ्यांत सिक्लिड या माशांच्या कुळाबद्दल एक सल्ला सारखा फिरतो: "सिक्लिडचं दोन इंचांचं पिल्लू बघूनच मोठेपणीचा रंग कळतो. भडक ते उचला, फिकं सोडा. आई-बाप बघितले की खात्रीच, आणि राहिलेला रंग खाद्याने येतो." या सल्ल्यापायी चांगले मासे दुकानातच राहतात, म्हणून एकेक भाग तपासून बघू.

"भडक ते उचला." आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या इलेक्ट्रिक येलो या जातीपुरतं हे खरं आहे, तो पिवळाच राहतो. पण त्याच सरोवरातल्या केन्यीची पिल्लं निळी असतात, मादी तशीच राहते आणि नर पिवळा होतो. सौलोसी जातीत नेमकं उलट: पिल्लं पिवळी, नर निळा आणि वर काळे पट्टे. ऑरॅटसचं पट्टेदार पिवळं पिल्लू नर निघालं आणि टँकमध्ये दादा झालं, की जवळजवळ काळं पडतं. टांगानिका सरोवरातला ट्रोफियस डुबोइसी लोक घेतात तो काळ्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी. मोठेपणी ते ठिपकेच जातात. डोकं निळसर होतं आणि अंगावर एक पांढरा किंवा पिवळा पट्टा उरतो.

"फिकं सोडा." पीकॉक सिक्लिडची सगळी पिल्लं राखाडी-तपकिरी असतात. माद्या तशाच राहतात, नर साधारण 6-7 सेंमीला रंगू लागतात. म्हणून 4 सेंमीचे झगझगीत पीकॉक दिसले आणि ट्रेमध्ये एकही राखाडी नसला, तर मिथाइलटेस्टोस्टेरॉनचा संशय घ्या. या हॉर्मोनने माद्यांवरही नराचा रंग चढतो. ते बंद झालं की काही आठवड्यांत उतरतो आणि प्रजननक्षमता बिघडू शकते.

"आई-बाप बघितले की खात्रीच." निकाराग्वाच्या सरोवरांतला मायडास सिक्लिड हे याचं सर्वांत बोलकं उत्तर. पिल्लं सगळी करडी असतात. काहींचा काळा रंग पुढे झडून ती सोनेरी होतात, कोणी काही महिन्यांत, कोणी काही वर्षांनी. सोनेरी जनुक प्रभावी असतं, म्हणजे त्याची एक प्रत पुरते. त्यामुळे दोन्ही सोनेरी आई-बापांकडे दुसरी प्रत करड्याची असेल, तर सरासरी चौथाई पिल्लं कायमची करडी राहतात. उलट, करडा दिसणारा बाप अजून न बदललेला सोनेरीही असू शकतो! फ्लॉवरहॉर्न या संकरित सिक्लिडमध्ये हेच रक्त मिसळलेलं आहे. तिथे 'फेड', म्हणजे काळा रंग झडणं, कधी होईल, होईल की नाही, हे पिल्लावरून सांगणाऱ्यावर पैसे लावू नका.

"राहिलेला रंग खाद्याने येतो." लाल-पिवळा काही प्रमाणात येतो, कारण कॅरोटिनॉइड्स ही त्याची रंगद्रव्यं मासा स्वतः बनवत नाही, खाण्यातून घेतो. निळा मात्र त्वचेतल्या ग्वानिन स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. त्याचं खाद्य नसतं. शिवाय दबून राहणारा नर कितीही खाऊ घाला, मादीसारखाच फिका दिसतो. दादा नर काढला की तोच रंगू लागतो.

मग बघायचं काय? आधी नर-मादी. पोटाखालच्या मागच्या परावरचे (अ‍ॅनल फिन) अंड्यासारखे ठिपके मोजून ती ठरत नाही, कारण ते अनेक जातींत माद्यांनाही असतात. पिल्लू किमान 6 सेंमीचं होऊ द्या. हात ओला करून ते तळहातावर उताणं धरा, 10-15 सेकंदांपेक्षा जास्त नाही. पोटाखाली दोन छिद्रं दिसतात: डोक्याकडचं गुदद्वार, शेपटीकडचं जननछिद्र. दोन्ही साधारण सारखी असतील तर नर. मागचं ठळक मोठं असेल तर मादी. एकटं पिल्लू बघून फसायला होतं, त्यामुळे एकाच वेळी जन्मलेली चार-पाच शेजारी शेजारी तपासा. 6 सेंमीहून लहान पिल्लू घ्यायचंच असेल तर एका जातीची 6 ते 8 घ्या, म्हणजे दोन्ही लिंगं मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

आणि विक्रेत्याकडून जातीचं पूर्ण नाव आणि मूळ ठिकाण लिहून घ्या. 'असॉर्टेड पीकॉक' या ट्रेमधलं पिल्लू संकरित असू शकतं: वेगवेगळ्या पीकॉकच्या माद्या दिसायला सारख्याच, आणि मिश्र टँकमध्ये त्या कोणत्याही नराशी जुळतात.